अडकलेली पुली: पुलर, आच की ग्राइंडर?

जुन्या मोटरच्या शाफ्टवर पुली गंजून बसली असेल, तर आधी ठरवा की वाचवायचं काय आहे. बिडाची साधी पुली पुण्याच्या बोहरी आळीत मापाची नवी मिळते. पण शाफ्ट वाकला, बेअरिंगला मार बसला किंवा मोटरचं समोरचं कव्हर तडकलं, तर अख्खी मोटर उघडावी लागते. म्हणून प्रत्येक पद्धतीत मी एकच गोष्ट पाहतो: जोर कुणावर पडतो?

या कसोटीवर हातोडा पहिल्याच फेरीत बाद होतो. पुलीच्या मागून ठोकलं की तो धक्का शाफ्टमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि त्या रेसवर, म्हणजे ज्या कड्यांवर त्या फिरतात तिथे, बारीक खड्डे पाडतात. पुली निघते, मोटरही फिरते, पण घरघर सुरू होते. मागून टॉमी (लोखंडी दांडा) घालून कव्हरच्या टेकूवर उचकटणं त्याहून वाईट, कारण कव्हरही बिडाचं असतं.

काहीही करण्याआधी वीज तोडा, पट्टा काढा आणि हबवरचा (पुलीचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) ग्रब स्क्रू, म्हणजे भोकात बुडालेला बिनडोक्याचा स्क्रू, पूर्ण बाहेर घ्या. मग भोकात टॉर्च मारून बघा. बरेचदा खाली आणखी एक स्क्रू असतो, आणि तो राहिला तर कुठलीच पद्धत चालत नाही. पुलीच्या तोंडावर वेगळी बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) आणि तिच्या कडेला स्क्रू दिसले, तर ती टेपर लॉक, म्हणजे निमुळत्या बुशने शाफ्टला आवळणारी पुली आहे. तिला ओढायचंच नसतं: स्क्रू काढून त्यातला एक मोकळ्या आटेवाल्या भोकात आवळला की बुश सैल होते. चावीचं (शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसलेला, दोघांना एकत्र फिरवणारा लोखंडी तुकडा) डोकं बाहेर आलेलं असेल, तर आधी चावी काढा.

पुलर माझी पहिली पसंती. त्याचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकाला रेटतो आणि पाय हब ओढतात, त्यामुळे जोर त्या दोघांतच फिरतो, बेअरिंगपर्यंत जात नाही. दोन पायांचा पुलर तिरका ओढू शकतो, म्हणून जागा असेल तर तीन पायांचाच घ्या. पाय हबच्या मागे अडकवा. पट्ट्याच्या खाचेच्या कडेला लावले तर बिडाचा तुकडा उडतो. गंज सोडवणारं तेल चावीच्या खाचेत आणि ग्रब स्क्रूच्या भोकात सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुलर ताणून धरा, थोडं थांबा, पुन्हा पाव फेरा द्या. इथे घाई केली की पुलरचे पाय वाकतात.

नुसत्या पुलरला पुली दाद देत नसेल, तर आच. एकटी आच क्वचितच पुरते. पुलर ताणलेला असताना दिलेली आच काम करते. २८ मिमी शाफ्टवरच्या बिडाच्या पुलीचं भोक १०० अंश तापमानवाढीला जेमतेम ०.०३ मिमीने मोठं होतं. तेवढं पुरतं, पण शाफ्ट थंड असेल तोवरच. म्हणून मोठ्या ज्योतीने फक्त हब, चहूबाजूंनी, झटपट तापवायचा. रेंगाळलात तर शाफ्टही तापून फुगतो आणि उष्णता बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत पोचते. पुलीमागे शाफ्टला ओलं फडकं गुंडाळा. आदल्या रात्रीचं तेल मात्र आधी पुसून काढा, ते पेटतं. ॲल्युमिनियमची पुली तापल्यावर बिडाच्या दुपटीने फुगते. तिला आच जास्त मानवते आणि कमी लागते. तिच्या कडा पुलरखाली लवकर तुटतात, म्हणून अशा पुलीला आच थोडी लवकरच द्यावी.

एवढ्यानेही हलली नाही, तर पुली कापा. ग्राइंडरने हबला चावीच्या वरच्या बाजूने चीर पाडा: तिथे खाली चावी असल्याने डिस्क थोडी खोल गेली तरी शाफ्टचा गोल भाग वाचतो. आरपार जाऊ नका. थोडं बीड शिल्लक ठेवून चिरेत छिन्नी बसवा. बीड ठिसूळ असल्याने हलक्या ठोक्यानेही उकलतं. ॲल्युमिनियमला मात्र हॅकसॉ, कारण ग्राइंडरची डिस्क त्यात भरून जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि ठिणग्या मोटरच्या जाळीत जाणार नाहीत असं झाकून घ्या.

भोसरीत हायड्रॉलिक पुलर असलेल्या वर्कशॉपमध्ये मोटर न्यायची ती दोनच कारणांसाठी: पुली खास मापाची, पुन्हा न मिळणारी असेल, किंवा मोटर इतकी मोठी असेल की हाताच्या पुलरला ती जुमानतच नाही. गिरणीच्या नेहमीच्या मोटरसाठी वाहतूक आणि मजुरीचा खर्च नव्या पुलीहून सहज जास्त होतो. तिथे मी ग्राइंडरच उचलेन.