अर्थिंगची एक पट्टी आणि १८,५०० रुपये

आमच्या टाटा ४०७ चं इंजिन मार्चमध्ये सीझ झालं. चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडांची भाडी धरलेली, गाडी उभी ठेवून परवडणारं नव्हतं. बेळगावहून जुनं पण चालू इंजिन आणलं, डायनामो-सेल्फसकट, आणि डिचोलीतच बसवून घेतलं. इंजिन छान सुरू झालं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’. हेडलाइट लावले की मीटरचे काटे नाचायचे, चार्जिंगचा दिवा विझायचा नाही. एकदा तर सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर आला. हे मी इलेक्ट्रिशियनला मुद्दाम सांगितलं होतं, लक्षात ठेवा.

म्हापशाच्या बाजूचा हा माणूस. बॉनेट उघडून पाच मिनिटं बघितलं, मीटर काही लावला नाही. म्हणाला, “पात्रांव, वायरिंगचं आख्खं किट जळलंय. डायनामोही गेलाय.” किट ९,५००, नवा डायनामो ६,०००, मजुरी ३,०००. बिल मागितलं तर कच्च्या कागदावर आकडे. मी दिले. धंदा अडला की माणसाला अक्कल सुचत नाही.

आठ दिवसांत परत तोच ‘टक्’.

साखळीचे आमचे मामा गोव्यातल्या खाणींच्या काळात टिपर चालवायचे. २०१२ ला खाणी बंद पडल्या तसा त्यांनी तो विकला, पण हात अजून तसाच. केबलच्या धुराचं ऐकल्याबरोबर हसले. जंपरच्या वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावलं आणि म्हणाले, “मार सेल्फ.” पहिल्या फटक्यात इंजिन सुरू.

इंजिन बदलताना चेसिसला जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी काढली होती, ती कोणी परत लावलीच नव्हती. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, रबरातून करंट जात नाही. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मग मिळेल त्या वाटेने परततो. आमच्याकडे त्याला ॲक्सिलरेटरची केबल सापडली. मामांनी जंपर काढून मल्टीमीटर लावून दाखवलं: एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, आमच्याकडे ५ च्या वर. १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फला उरणार काय?

नवी पट्टी, गंज घासून घट्ट आवळलेले बोल्ट, सगळं मिळून चारशेच्या आत.

मग ‘नव्या’ किटवरची टेप सोडली. आत आमच्याच जुन्या वायरी! रंग उडालेल्या, दोन ठिकाणी नुसता पीळ मारून जोडलेल्या, आणि हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार. चिऱ्यांच्या गाडीला आग लागली असती तर ड्रायव्हर कुठे उडी मारणार होता? डायनामोवर ताजा काळा रंग. नखाने खरवडला तर खाली गंज. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत, हा १३ सुद्धा धड देईना. म्हणजे बेळगावचा चांगला डायनामो गेला आणि हा भंगारातला आला.

मामांना घेऊन त्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. जुना डायनामो माग, म्हणाले होते, म्हणून आधी तोच मागितला. “तो तुमचाच बसवलाय, पात्रांव, दुरुस्त करून.” मग नव्याचे पैसे कशाचे, विचारलं तर समोरच्या रिक्षाच्या हॉर्नमध्ये डोकं घातलं. बेळगावच्या इंजिनाच्या नंबरचा फोटो आरटीओच्या कामासाठी काढून ठेवला होता. त्याच फोटोत अर्धा डायनामो दिसतो, पण नंबरची बाजू मागे.