रिटायर न्यूरॉलॉजिस्टचा दवाखाना, गंगापूर रोड: चार स्टार

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर हा मेंदू-नसांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. डॉक्टर मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलातून रिटायर होऊन नाशकात आलेत, संध्याकाळी दोनच तास बसतात आणि नवीन पेशंट दिवसाला चार, त्यामुळे नंबर लागायला आम्हाला तीन आठवडे लागले. पाचवा स्टार का कापला ते खाली सांगतो.

आमच्या आप्पांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा बशीत, बँकेत सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं. आधी दुसरीकडे दाखवलं होतं (नाव लिहीत नाही), तिथे पाच मिनिटांत पार्किन्सन (कंपवात) ठरला, एमआरआय झाला, त्यावरच्या लेवोडोपाच्या गोळ्या चालू. दोन महिने खाल्ल्या, फरक काही नाही, वर मळमळ.

इथे मी फाईल पुढे केली तर म्हणाले, राहू द्या, आधी माणूस बघू. आप्पांना दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं, परत फिरवलं, हात मांडीवर ठेवून नुसतं बसवलं आणि गप्पा मारत राहिले, गाव कुठलं, द्राक्षं किती एकर, पण नजर सगळा वेळ हातावर. हात मांडीवर एकदम शांत! मग कागद दिला आणि म्हणाले, आप्पा, एक चकली काढा. आप्पा हसायलाच लागले. चकली निघाली करवतीच्या दात्यांसारखी. मग "श्रीराम" पाच वेळा लिहायला लावलं, अक्षर वाकडंतिकडं पण शेवटपर्यंत मोठंच.

मग आम्हाला समजावलं. पार्किन्सनमध्ये हात बसल्या जागी हलतो, चिमटीत तपकीर चोळल्यासारखी बोटं फिरतात, काही करायला गेलं की थोडा थांबतो, आणि अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं. आप्पांचं बरोबर उलटं, काम करताना हलतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, बऱ्याचदा घराण्यात असतो. तेव्हा आठवलं, आमच्या आत्याचाही हात हलायचा, आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. आणि एमआरआय? साध्या एमआरआयमध्ये पार्किन्सन बहुतेक वेळा दिसतच नाही म्हणे, म्हणजे आमचे पैसे गेलेच ना. दमा आहे का ते विचारून, नाडी, बीपी बघून थरथर कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल गोळी दिली आणि आधीची गोळी एकदम न थांबवता हळूहळू कमी करत बंद केली. आता कप अर्धाच भरतो, पण बशीत सांडत नाही.

मी सहज विचारलं, सर, तुमच्या वेळी एमआरआय नसताना कसं करायचात? मग काय, गाडी सुटली. जगात पहिला सीटी स्कॅन लंडनला 1971 साली झाला, यांच्या हॉस्पिटलात मशिन यायला पुढे बरीच वर्षं गेली, तोवर कमरेतून सुई घालून पाणी काढायचं, हवा सोडायची आणि ती हवा मेंदूच्या पोकळीत चढली की एक्स-रे. पेशंट दोन दिवस डोकं धरून ओकायचा, म्हणाले, म्हणून आम्ही हातोडी, ट्यूनिंग फोर्क आणि डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवायला शिकलो. हातोडी अजून तीच आहे, मुठीवरचं रबर पांढरं पडलंय.

मध्येच एक फोन आला, कुणाच्या तरी आईचं तोंड सकाळपासून वाकडं झालेलं. सर एवढे ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "अहो मला कशाला फोन करताय, जिथे सीटी स्कॅन आहे तिथे न्या, आत्ताच्या आत्ता!" तोंड असं अचानक वाकडं झालं तर पक्षाघात असू शकतो, त्यात मेंदूच्या नसेतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे स्कॅनवर बघावंच लागतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, आप्पांचाच कागद परत परत बघत बसले.

आता तक्रार. न्यूरोचे पेशंट आणि लिफ्ट नाही! सतरा पायऱ्या, मी मोजल्या. आमच्या पुढच्या काकांना दोघांनी धरून वर आणलं, तेवढ्यात डॉक्टर स्वतः खाली उतरून त्यांना धरायला आले हे खरं, पण खालची खोली रिकामीच असते, तिथे टेबल टाकायला काय हरकत आहे? पार्किंगचं तर विचारूच नका. घाई असेल तर जाऊ नका, आम्ही पाऊण तास आत होतो, तेवढाच वेळ बाहेरचे आमच्या नावाने बोटं मोडत असणार.

फी चारशे, कॅश. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नुसती नावं सांगितली तर ऐकत नाहीत, माणूस घरी पाठवून पाकिटं मागवतात.