घरच्या बॅकअपसाठी पोर्टेबल पॉवर स्टेशन: सांगलीतील दहा महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या गावभागात आमचे जुने दुमजली घर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पाण्यात बुडाली, कारण पन्नास किलोहून जड असलेली ती बॅटरी ऐनवेळी जिन्यावरून वर नेणे कोणालाच जमले नाही. त्यामुळे गेल्या जूनमध्ये पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत असलेले, उचलून नेता येणारे यंत्र घेताना माझी पहिली अट वजनाची होती.

जाहिरातीत ठळक दिसतो तो वॉटचा आकडा. एका वेळी किती भार चालेल, एवढेच त्यावरून कळते. किती वेळ चालेल हे वॉट-अवरवर, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेच्या मापावर ठरते आणि त्यातलेही दहा-पंधरा टक्के बॅटरीतल्या डीसी विजेचे घरगुती उपकरणांना लागणाऱ्या एसीत रूपांतर करण्यात जातात. ५०० वॉट-अवरचे यंत्र हलके होते, परंतु फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, ते त्याला पेलणारे नव्हते. २००० चे वीस किलोंच्या वर होते. शेवटी सुमारे १००० वॉट-अवरचे, बारा किलोंचे, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे यंत्र घेतले. इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ही थोडी जड असते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि साधारण ३००० चार्जिंगनंतरही तिची ८० टक्के क्षमता टिकते.

लहान फ्रिज, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि राउटर एवढ्यावर ते आमच्याकडे साडेनऊ तास चालते. फ्रिज महत्त्वाचा, कारण त्यात आईचे इन्सुलिन असते. म्हणूनच ऑगस्टमधल्या एका रात्रीचा प्रकार मला फार लागला. यंत्रातील वीज-बचतीची सोय चालू राहिली होती. कॉम्प्रेसर थांबल्यावर भार कमी झाला, यंत्राने एसी पुरवठाच बंद केला आणि सकाळी दूध नासलेले निघाले. फ्रिज जोडणाऱ्याने ही सोय आधी बंद करावी. राउटर मात्र १२ व्होल्टच्या डीसी सॉकेटवर जोडावा, कारण एसीचे बटण चालू ठेवले तर यंत्र स्वतःच राउटरइतकी वीज खाते.

एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग आपोआप थांबले. ४५ अंशांच्या आसपास तापलेली बॅटरी चार्ज न होणे योग्यच आहे, म्हणून आता आम्ही ते रात्री करतो.

उपकरणे थेट यंत्राला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला जोडावीत. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर लावून घराच्या सॉकेटमधून उलटी वीज सोडण्याचा सल्ला मला एका दुकानात मिळाला होता. तसे केल्यास ती वीज बाहेरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते.

पुराचे पाणी जिथे पोचत नाही, त्या घरांनी हा खर्च करू नये, असे माझे मत आहे. तेवढ्या पैशांत जागेवर ठेवलेली इन्व्हर्टर-बॅटरी त्यांना कितीतरी जास्त वेळ पुरेल.