सेकंडहँड सिस्को २८११ आणि ई-वन कार्ड: जुन्या ईपीएबीएक्ससाठी घ्यावं का?

बडोद्यात मकरपुऱ्यातल्या कारखान्यात किंवा रावपुऱ्यातल्या ऑफिसात पीआरआय (एका जोडणीवर तीस कॉल नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) कार्डाचं ईपीएबीएक्स (ऑफिसातलं खाजगी एक्स्चेंज) अजून ठणठणीत आहे आणि टेलिफोन कंपनी आता एसआयपी ट्रंक (डेटा नेटवर्कवरून येणाऱ्या लाइन) देतेय, अशा वेळी मध्ये दुभाषा, म्हणजे गेटवे, लागतो. नवा गेटवे खिशाला जड वाटला की जुन्या मालातल्या सिस्को २८११ राउटरकडे नजर जाते. घ्यायला हरकत नाही. फक्त आत काय बसवलंय ते बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

पेटी एक यू उंचीची. दोन फास्ट इथरनेट पोर्ट, कार्डांसाठी चार खण. त्यातल्या एकात व्हीडब्ल्यूआयसी२-१एमएफटी-टी१/ई१ हे ई-वन (पीआरआय जिच्यावर चालते ती लाइन) कार्ड हवं. खरी गोम मात्र मदरबोर्डवरच्या डीएसपीत (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपमध्ये) आहे. विकणारे पुष्कळदा कार्ड दाखवतात आणि पीव्हीडीएम२ (डीएसपीचं मॉड्यूल) काढून वेगळं विकतात. त्याशिवाय एसआयपी आणि पीआरआय यांच्यात आवाजाची अदलाबदल होणार नाही. पीव्हीडीएम२-३२ वर जी.७११ (आवाज पाठवायची साधी पद्धत) चे ३२ कॉल चालतात, म्हणजे पीआरआयचे तीसच्या तीस निघतात. ट्रंक जी.७२९ (आवाज जास्त दाबून पाठवणारी पद्धत) वर असेल तर तेच मॉड्यूल १६ कॉलवर थांबतं. आयओएस, म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर, तेही व्हॉइसचं हवं. साधं राउटिंगचं असेल तर यातलं काहीच जमत नाही.

ई-वन २.०४८ एमबीपीएसचं, म्हणजे ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट. शून्यावा फ्रेमिंगला (फ्रेमची सुरुवात ओळखायला), सोळावा डी चॅनलला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना), बाकी ३० बोलण्याला. राउटरमध्ये डी चॅनलच्या नावापुढे १५ दिसतं, कारण तिथली मोजणी वेगळी. त्यात चूक शोधत बसू नका. सुरुवातीलाच कार्ड टाइप ई-वन सांगावा लागतो, नाहीतर कंट्रोलर (राउटरमध्ये ई-वन पोर्टचं नाव) यादीत येतच नाही आणि कार्ड मेलं असं वाटतं. स्विच टाइप (एक्स्चेंजचा प्रकार) नेट५, लाइनकोड (तारेवर बिट पाठवायची पद्धत) एचडीबी३. सीआरसी-४ (चुका पकडणारी तपासणी) दोन्ही टोकांना सारखं ठेवा. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर तार धडधाकट असूनही अलार्म जात नाही.

तारेत लोक हमखास फसतात. प्लग नेटवर्कचाच दिसतो, पण ई-वनमध्ये जोड्या १-२ आणि ४-५ वर असतात. सरळ पॅच कॉर्ड चालते. क्रॉस लागलीच, तर इथरनेटची क्रॉस केबल कामाची नाही. १ ला ४ आणि २ ला ५ अशी हाताने क्रिंप करावी लागते. समोर ७५ ओहमचं बीएनसी (कोअ‍ॅक्स केबलचं गोल कनेक्टर) असेल तर मध्ये बलून (दोन प्रकारच्या तारा जुळवणारा जोड) घाला.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते क्लॉक, म्हणजे दोन्ही टोकांचा ताल. ईपीएबीएक्सला वाटतं समोर एक्स्चेंज आहे, म्हणून क्लॉक राउटरने द्यायचा (इंटर्नल) आणि ईपीएबीएक्सने लाइनवरून घ्यायचा. राउटर टेलिफोन कंपनीच्या पीआरआयला लावलात तर नेमकं उलटं. शिवाय ‘नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट’ ही ओळ राहिली की डीएसपी आणि ई-वन वेगवेगळ्या तालावर चालतात. बोलणं होतं, पण मध्ये टकटक येते आणि फॅक्स अर्ध्यात तुटतो. लोक मग केबल बदलत बसतात. कंट्रोलरच्या आकडेवारीत स्लिप (ताल चुकल्याच्या नोंदी) वाढताना दिसल्या तर केबलला हात लावू नका, क्लॉक बघा.

दुसरी खोच भूमिकेची. राउटर मुळात ‘यूजर’ (ग्राहकाच्या बाजूचा) असतो आणि ईपीएबीएक्सही यूजरच. दोघेही एक्स्चेंजची वाट बघत बसतात. राउटरला प्रोटोकॉल-एम्युलेट नेटवर्क सांगितलं की काम होतं. आयएसडीएन स्टेटसमध्ये (पीआरआयची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये) लेयर १ (तार) ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि लेयर २ (डी चॅनलवरची संदेशांची जोडणी) ला ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ आलं म्हणजे क्यू.९२१, हा त्या जोडणीचा नियम, जुळला. लेयर १ चालू असून लेयर २ तसं होत नसेल तर आधी भूमिकाच तपासा. यापुढे कॉल पडले तर क्यू.८५० चे कॉज कोड (कॉल का तुटला ते सांगणारे आकडे) वाचा: १७ म्हणजे समोरचा बिझी, ३४ म्हणजे मोकळं चॅनल नाही, २८ म्हणजे नंबरचा साचा चुकला. २८ आला की बहुधा शून्याची किंवा एसटीडी कोडची भानगड असते.

उणिवाही सांगायला हव्यात. पंखा बराच गोंगाट करतो, रिसेप्शनच्या टेबलाखाली ठेवायची ही वस्तू नव्हे. कंपनीचा सपोर्ट ३१ ऑक्टोबर २०१६ लाच संपला, तेव्हा हा राउटर थेट इंटरनेटवर उघडा टाकणं म्हणजे परक्याच्या आयएसडी कॉलचं बिल आपण भरणं. फायरवॉलच्या आडच ठेवा. आणि बडोद्यातला पाऊस बघता रॅकला अर्थिंग हवंच, तांब्याची जोडी बाहेरून येत असेल तर सर्ज प्रोटेक्टरही.

दुकानातच तपासायला एक युक्ती पुरते. आरजे-४५ प्लगमध्ये १ ला ४ आणि २ ला ५ जोडून लूप बनवून न्या. कार्ड टाइप ई-वन, क्लॉक इंटर्नल करून तो पोर्टमध्ये घाला. एएल (अलार्म) दिवा विझून सीडी (सिग्नल मिळाला) लागला तर पोर्ट धड आहे. मग ‘शो व्हॉइस डीएसपी’ देऊन चॅनल मोजा, आणि भावाची घासाघीस त्यानंतर करा.