लुकलुकत्या दिव्याला भुललो

सोसायटीच्या टाकीसाठी पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र करायचं खूळ माझं. आधी ऊनोवर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डावर केलं होतं. पण छोट्या पडद्यावर 'टाकी भरली' हे मराठीत यायला हवं, असा माझा हट्ट. आकडे, जोडाक्षरं, मोठी अक्षरं असे फॉन्ट भरत गेलो आणि ऊनोची ३२ केबी मेमरी संपली. पुतण्या म्हणाला, "काका, ब्लू पिल घ्या." हा तसाच दुसरा बोर्ड. त्यावर एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीची एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप असते. वेग ७२ मेगाहर्ट्झ, मेमरी ६४ केबी, म्हणजे ऊनोच्या दुप्पट. आणि बोर्ड काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही.

शनिवारी पुण्यात सिटी पोस्टापाशी कशीबशी गाडी लावली आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत शिरलो. एका दुकानात बोर्ड २२० ला होता. दुसऱ्यात ३५०. महाग का, विचारलं तर उत्तर आलं, "तो चायना माल साहेब, हा ओरिजिनल एसटी." चिपवर एसटीचा शिक्का होता. त्याने केबल लावली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. "बघा, चालू." पाच घेतले. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, म्हणून कच्च्या पावतीवर भागवलं. पुणेकर असून १८ टक्के वाचवायला गेलो, दुसरं काय!

तो दिवा काहीच सिद्ध करत नाही, हे नंतर कळलं. हे बोर्ड बहुधा कारखान्यातूनच दिवा लुकलुकवणारा प्रोग्रॅम घालून येतात. वीज दिली की दिवा लागणारच. त्यातून चिप कोणाची आणि मेमरी किती, हे कळत नाही.

घरी एसटी-लिंक, म्हणजे लॅपटॉपवरून चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं उपकरण, जोडलं तर ओपनओसीडी हे त्याचं सॉफ्टवेअर अडून बसलं : ओळख क्रमांक जुळत नाही. अस्सल एफ१०३ चिप स्वतःची ओळख १बीए०१४७७ अशी सांगते, आमची २बीए०१४७७ सांगत होती. एका आकड्याचा तर फरक! सेटिंगमध्ये तो आकडा बदलला की काम पुढे सरकतं, हे पुतण्याने शोधून काढलं. सरकलंही. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पैसे देऊन झाले होते, आणि 'चालतंय ना' हा आपला जुना आजार.

मग तीन रात्री गेल्या. प्रोग्रॅम लहान असला की सगळं सुरळीत, मराठी फॉन्ट घातले की बोर्ड गप्प. मी स्वतःच्याच कोडमध्ये चुका शोधत बसलो. शेवटी पुतण्याने ६४ केबीची फाइल लिहून परत वाचून पाहिली. चार बोर्डांत पहिले ३२ केबी जुळले, पुढचे नाहीत. पाचवा बोर्ड नीट निघाला. म्हणजे जादा मेमरीसाठी ऊनो सोडला आणि पैसे मोजून पुन्हा ३२ केबीच घरी आणले. कापसाला नेलपेंट रिमूव्हर लावून त्या चौघांच्या चिपवर घासलं तर एसटीचा शिक्का पुसट झाला. लेझरने कोरलेली अक्षरं अशी पुसली जात नाहीत.

इथे एक सांगतो, मला नक्कलेचा राग नाही. ऊनोचं डिझाइन खुलं आहे, त्याची स्वस्त प्रत करणं हा गुन्हा नव्हे. एसटीच्या चिपशी मिळत्याजुळत्या जीडी३२ सारख्या चिप तर स्वतःच्या नावाने विकल्या जातात. तसं सांगून, त्या भावात दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं. दुसऱ्याचं नाव छापून वर १३० रुपये जास्त लावले, ही फसवणूक.

परत गेलो तर काउंटरमागच्या पाटीकडे बोट दाखवलं : 'विकलेला इलेक्ट्रॉनिक माल परत घेतला जाणार नाही.' "चालू करून दाखवला होता ना?" दाखवला होता, नाही कसं म्हणू? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर पुरावा काय? कच्च्या पावतीवर दुकानाचं नावही नव्हतं. नुसतं '५ नग, १७५०'.

आता लॅपटॉप आणि एसटी-लिंक पिशवीत घेऊनच जातो. आधी एकच नग घेतो, पक्क्या बिलावर. काउंटरवरच ओळख क्रमांक बघतो, पूर्ण मेमरी लिहून वाचतो. दोन मिनिटं लागतात. एका दुकानदाराने त्याला तोंड वाकडं केलं, तिथून निघालो. दुसऱ्याने स्टूल दिलं.

नीट निघालेला तो पाचवा बोर्ड टाकीवर आहे. बाकीचे चार जिन्यातल्या दिव्यांना लावलेत, त्या कामाला ३२ केबी पुरतात.