ज्येष्ठमध की अडुळसा? आधी बीपीच्या गोळीचं नाव बघा

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला बसलं की तानपुऱ्याच्या खालोखाल ऐकू येतो तो खोकला. पुण्याची कोरडी थंडी आणि रस्त्यावरची धूळ, दोन्ही घशालाच लागतात. मग घरात सल्ले सुरू होतात. एकजण ज्येष्ठमधाची काडी हातात ठेवतो, दुसरी म्हणते कुंपणाचा अडुळसा तोड. दोन्ही खोकल्यावरचीच, काहीही घेतलं तरी चालतं, असा एकंदर समज. तो बरोबर नाही.

घाई असेल त्यांच्यासाठी आधी निकाल. घसा खवखवतोय, कोरडी ढास लागतेय, कफ नाही आणि बीपी ठीक आहे, तर ज्येष्ठमध. छाती भरलीय, कफ चिकट आहे आणि सुटत नाही, तर अडुळसा. गरोदर असाल तर दोन्ही नकोत. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर ज्येष्ठमध यादीतून खोडा.

या शेवटच्या वाक्यावर हमखास वाद होतो. "अहो, गोड मूळ ते, त्यानं काय होतंय?" होतं. त्या गोडीचं कारणच ग्लिसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य आहे, साखरेच्या ३० ते ५० पट गोड. आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हॉर्मोन) मूत्रपिंडात निष्क्रिय करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ग्लिसिऱ्हायझिन त्यालाच रोखतं. परिणामी शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. पाय सुजतात, बीपी चढतं, आणि पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक माणूस काही आठवडे रोज दीड पाकीट ज्येष्ठमधाच्या गोड गोळ्या (कँडी) खात होता. त्याचं हृदय बंद पडून तो गेला. २०२० साली तिथल्या डॉक्टरांनी ही केस प्रसिद्ध केली.

एवढं कोण खातं, हे खरंच. पण हिशेब करून बघा. युरोपात ग्लिसिऱ्हायझिनची सुचवलेली मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, ज्येष्ठमधाच्या चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम. ज्येष्ठमधाच्या मुळीत ४ टक्के ग्लिसिऱ्हायझिन धरलं, तर ३ ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम झालं. धडधाकट माणसानं चार-पाच दिवस घेतलं तर सहसा बिघडत नाही. बिघडतं ते "घशाला बरं वाटतं" म्हणून महिनोन्महिने रोज चहात घालणाऱ्यांचं.

आता खरी गोम. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीच काही जणांना कोरडी ढास लागते. माणूस समजतो हवा बदलली, आणि ज्येष्ठमध चघळायला लागतो. म्हणजे बीपीच्या गोळीनं आलेल्या खोकल्यावर बीपी चढवणारं औषध! असा खोकला काढ्यानं जात नाही. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी लागते, आपल्या मनानं बंद करायची नाही. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर धोका आणखी वाढतो, कारण तीही पोटॅशियम घालवतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर ज्येष्ठमधाच्या वाटेलाच जाऊ नका.

गुळण्यांचं मात्र ज्येष्ठमधाच्या बाजूनं बोलायला हवं. शस्त्रक्रियेत भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, त्यानं नंतर घसा दुखतो. आधी ज्येष्ठमधाच्या पाण्यानं गुळण्या केल्या तर हे दुखणं कमी होतं, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. घसा एवढाच त्रास असेल तर मलाही गुळण्या करून थुंकणंच शहाणपणाचं वाटतं. पोटात फारसं काही जात नाही.

विकत घेताना काडी घ्या, पूड नको. पुडीत काय कुटलंय ते कुणाला कळणार? गुंजेचं मूळ ज्येष्ठमधाच्या जागी खपवतात ही जुनी तक्रार आहे. (पानात गोड लागतो तो पाला याच गुंजेचा, आणि तिच्या लाल-काळ्या बिया जहाल विषारी.) खरी काडी आतून पिवळसर, रेषाळ असते.

अडुळशाचा मामला साधा आहे. तो कडू, इतका की जनावरंही तोंड लावत नाहीत, म्हणून तर कुंपणाला लावतात. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन आणि अँब्रॉक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीतही अडुळशाचा वंश असतोच. पान नुसतं पिळून रस जेमतेम निघतो. आधी वाफवा, मग कुटून गाळा. मोठ्या माणसाला दिवसाला १० ते २० मिलिलिटर, मध घालून. जास्त झाला तर मळमळ, उलटी. व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणात तो नकोच. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला कशातही घालून देऊ नये.

बाटलीतलं सिरप घेणार असाल तर पुढचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. अडुळशाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या कितीतरी सिरपांत 'यष्टिमधु' किंवा 'ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा' असतं; ही दोन्ही ज्येष्ठमधाचीच नावं, म्हणजे टाळायचं तेच पोटात जातं. मधुमेह असेल तर साखरही बघा.

अडुळसा असताना खोकलेकऱ्यानं आणि क्षयी माणसानं खचायचं कशाला, असं एक जुनं संस्कृत वचन वैद्यांच्या तोंडी असतं. क्षयाच्या बाबतीत आज ते कुणी मनावर घेऊ नये. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, थुंकीत रक्त दिसलं, संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय, तर काडी आणि पाला दोन्ही बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्या. सरकारी क्षयरोग केंद्रात ही तपासणी फुकट होते.