आईचा लोखंडी कूलर: पाचपैकी साडेतीन

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्याकडे दोन गोष्टी बाहेर निघतात, झोक्याचा दोर आणि कूलर. आई खानदेशात अमळनेरला एकटी राहते, वय ७६. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की पंखा नुसती गरम हवा ढवळत बसतो. म्हणून यंदा तिच्यासाठी गावातच बनवलेला लोखंडी कूलर घेतला, ७,२०० रुपयांना. दोन महिने वापरून झाला, आता लिहिते.

आधी जुन्या कूलरचं सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने आजीसाठी एका कंपनीचा पांढराशुभ्र कूलर आणला होता. तो डिझाइन शिकतो. "मम्मी, किती मिनिमल आहे बघ, एक स्क्रू दिसत नाही." खरंच दिसत नव्हता. वर काळी काच, तिला बोट लावायचं. आईची बोटं भाकरी थापून थापून राठ झालेली. तिने तीनदा दाबलं, चौथ्यांदा नखाने टोचलं आणि म्हणाली, "हाऊ डबा मन्हं ऐकसच नई."

तेही चालवून घेतलं असतं. पण आमच्याकडे रात्री दोनला लाइट जाते, सव्वादोनला येते. लाइट आली तरी हा बंदच. पुन्हा काचेला बोट लावल्याशिवाय सुरू होत नसे. आई घामाघूम होऊन उठायची, चष्मा चाचपडायची. एवढ्या देखण्या वस्तूत, लाइट जाते ही साधी गोष्टच कुणी धरली नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात कार्ड गेलं, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. "मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही," सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवरच सांगून टाकलं. मोटर ठणठणीत, पंप ठणठणीत, पण कार्ड नाही म्हणून अख्खा कूलर भंगारात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय, तिथेही शोधलं. आमची कंपनी सापडली नाही.

मुलगा डीटर राम्स या जर्मन डिझायनरचा भक्त. चांगलं डिझाइन म्हणजे कमीत कमी डिझाइन, हे त्याचं तत्त्व. कबूल. पण याच राम्सने १९६० साली केलेलं ६०६ नावाचं भिंतीवरचं शेल्फ अजून विकलं जातं आणि नवी फळी जुन्या शेल्फला बसते. हे मला मुलानेच सांगितलं होतं, कूलर बिघडायच्या आधी.

आता नवा. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना जाळीत गवत, पुढे १८ इंची पंखा, दोन गोल बटणं: एक पंख्याचं, एक पंपाचं. संपलं. बाजूची जाळी हाताने उचलली की निघते. पंप गेला तर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीचशेला मिळतो. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. जुन्याच्या हनीकोंब पॅडवर (गवताऐवजी असलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी) पांढरा थर चढायचा आणि त्या मापाचं पॅड कंपनीकडूनच घ्यावं लागायचं. इथे दर आखाजीला दीडशेचं गवत बदललं की झालं. लाइट आली की आपोआप फिरू लागतो, कारण बटण होतं तिथेच असतं. आईने पहिल्या दिवशी ते फिरवून पाहिलं आणि हसली, "याना कान पिळा का चालू व्हस!"

मग दीड गुण कशाला कापले? घरी आणून वायर बघितली तर दोन पिनांची. अर्थिंगची वायरच नाही. लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि ओल्या हाताने बादली ओतणारी म्हातारी. पंपाच्या वायरचं आवरण फाटलं की सगळा पत्रा करंट मारणार. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतोच आपण. परत नेला. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे असाच नेतात. तिसरी वायर टाकली की शंभर-सव्वाशे वाढतात, गिऱ्हाईक शेजारी जातं." म्हटलं, "दादा, माझ्याकडून दोनशे घ्या." त्याने लगेच टाकून दिली. पण मी निघाले तेव्हा पुढच्या माणसाला दोन पिनांचाच बांधून देत होता. ते अजून खुपतंय. कंपनीने स्क्रू कमी केले, याने वायर कमी केली. वापरणाऱ्या बाईला दोघांनीही विचारलं नाही.

घरी बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घेतला, आणि पाणी ओतताना आधी पिन काढायची हे आईकडून चार वेळा वदवून घेतलं.

बाकी किरकोळ. आवाज दणदणीत, टीव्ही वाढवावा लागतो. पत्र्याची कड घासलेली नाही, माझं बोट कापलं. मुलगा सुट्टीत आला तेव्हा त्याने कानशीने घासून दिली. टाकीला आतून डांबरी रंग दर वर्षी मारावा लागेल, नाहीतर गंज. पावसाळी दमट हवेत कुठलाच कूलर कामाचा नाही, त्याचा दोष याला देत नाही.

घेणार असाल तर दुकानात अर्धा तास जास्त बसा, तीन पिनांची वायर समोर टाकून घ्या आणि पाणी भरून, चालू करून, पत्र्याला टेस्टर लावून बघा. वायर आधीपासून असती तर साडेचार दिले असते.